पैसे देऊन रांग टाळताना: डिस्नीलँडच्या मल्टी पासचा नऊ महिन्यांचा अनुभव

आम्ही कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीत राहतो आणि अ‍ॅनाहाइमचे डिस्नीलँड आमच्या घरापासून फार लांब नाही. २०२४च्या ऑक्टोबरपासून २०२५च्या जूनपर्यंत आमच्या घरात त्याचा वार्षिक पास होता. त्या नऊ महिन्यांत आम्ही आठ वेळा गेलो. पाच वेळा जादा पैसे भरून ‘लाइटनिंग लेन मल्टी पास’ घेतला आणि तीन वेळा जाणूनबुजून घेतला नाही. भारतातून येणारे नातेवाईक आणि इथले मराठी स्नेही मला पहिला प्रश्न हाच विचारतात की हा मल्टी पास घ्यावा का. दोन ओळींत उत्तर दिले की समोरच्याचे समाधान होत नाही आणि माझेही होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी हे काय आहे ते सांगते, कारण पुष्कळांची कल्पना अशी असते की हा पास घेतला म्हणजे दिवसभर कुठेही थेट पुढे जाता येते. तसे नाही. आगाऊ घेतल्यास दर माणशी ३२ डॉलरपासून सुरू होत असे आणि गर्दीच्या दिवसांत तो वाढे. तीन वर्षे किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाला स्वतंत्र पास लागतो, त्यामुळे आमच्या चौघांचे कमीत कमी १२८ डॉलर होत. उद्यानात पाऊल टाकल्यावर फोनवरील अ‍ॅपमधून एका राइडची वेळ निवडायची, म्हणजे समजा ११ ते १२. त्या तासाभरात केव्हाही जाऊन वेगळ्या दाराने आत शिरायचे. ती राइड वापरून झाली, किंवा निवड केल्यापासून दोन तास उलटले, की पुढची निवड करता येते. एका राइडवर दिवसातून एकदाच असे जाता येते. ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’ आणि शेजारच्या कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर उद्यानातील ‘रेडिएटर स्प्रिंग्ज रेसर्स’ या सर्वांत मागणी असलेल्या राइड यात येतच नाहीत. त्यांच्यासाठी सिंगल पास निराळा विकत घ्यावा लागतो. ‘पीटर पॅन्स फ्लाइट’, ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ आणि ‘जंगल क्रूझ’ या जुन्या राइडना मात्र आम्ही जात होतो तेव्हा अशी वेगळी रांगच नव्हती. तिथे सगळे एकाच रांगेत उभे असत.

ही सोय एकेकाळी फुकट होती, हे नव्याने येणाऱ्यांना खरे वाटत नाही. १९९९ मध्ये डिस्नीने फास्टपास सुरू केला तेव्हा राइडजवळच्या यंत्रात तिकीट सरकवले की परत येण्याची वेळ छापलेला कागद मिळे आणि त्याचे पैसे पडत नसत. २०१७ मध्ये डिस्नीलँडमध्ये मॅक्सपास आला. १० डॉलर दिले की तेच काम फोनवरून करता येई, पण कागदी फास्टपास फुकट मिळणे चालूच होते. महासाथीनंतर उद्यान पुन्हा उघडले तेव्हा फुकट पर्याय परत आला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये तिथे ‘जिनी प्लस’ २० डॉलरला सुरू झाले आणि जुलै २०२४ मध्ये त्याचे नाव बदलून मल्टी पास झाले. आम्ही जात होतो तेव्हा एक दिवसाचे तिकीटच १०४ ते २०६ डॉलरपर्यंत होते आणि हा खर्च त्याच्या वर येई, हे कुटुंबाचे अंदाजपत्रक मांडताना विसरू नये.

पैशांपेक्षाही मला अधिक वेळ विचार करायला लावला तो रांगेच्या गणिताने. आमची पासशिवायची पहिली फेरी जानेवारीत झाली. त्या दिवशी ‘बिग थंडर माउंटन’च्या साध्या रांगेत उभी असताना माझ्या लक्षात आले की आमच्या पुढे माणसे फार नाहीत, तरी रांग सरकत नाही. दोन्ही रांगा जिथे एकत्र येतात तिथे पासवाल्यांना आधी सोडायचे, अशीच व्यवस्थेची मूळ मांडणी आहे. नाहीतर पासला अर्थच उरणार नाही. समजा, एखाद्या राइडमध्ये तासाला १,६०० माणसे बसू शकतात आणि त्यांतील १,००० जागा पासवाल्यांना गेल्या, तर साध्या रांगेसाठी ६०० उरल्या. तुमच्या पुढे ६०० माणसे असतील तर तुम्ही तासभर उभे राहाल. सगळ्या जागा त्याच रांगेला मिळाल्या असत्या, तर तेवढीच माणसे साधारण २२ मिनिटांत पुढे गेली असती.

हा हिशोब मी घरी मांडला तेव्हा माझ्या यजमानांनी योग्य आक्षेप घेतला: पास नसता तर ते १,००० लोक हवेत विरले नसते, तेही तुमच्याच रांगेत तुमच्या पुढे उभे असते. हे खरे आहे, त्यामुळे २२ मिनिटे विरुद्ध एक तास ही तुलना ढोबळ आहे. पण तरीही एक फरक शिल्लक राहतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. रांगेत प्रत्यक्ष उभा असलेला माणूस एका वेळी एकाच ठिकाणी असतो. पासवाला मात्र फोनवर ‘स्पेस माउंटन’चा नंबर लावून त्याच वेळी ‘पीटर पॅन’च्या रांगेतही उभा राहू शकतो. आम्ही स्वतः हेच करत होतो. एक माणूस दोन रांगा अडवतो, आणि राइडची क्षमता मात्र तेवढीच राहते. म्हणजे आमची वाचलेली काही मिनिटे पलीकडच्या रांगेतील कुणाच्या तरी दिवसातून आलेली असतात, हे मी स्वतःपासून लपवू इच्छित नाही. नऊ महिन्यांत दोन्ही रांगांत उभी राहिले म्हणून हे लिहिण्याचा थोडा अधिकार आहे असे मला वाटते.

आता पासची बाजूही तितक्याच मनापासून मांडते. नोव्हेंबरमध्ये माझे सासू-सासरे साताऱ्याहून आले होते. सासऱ्यांचे दोन्ही गुडघे दुखतात. चालणे जमते, पण एका जागी पाऊण तास उभे राहणे जमत नाही. त्या दिवशी आम्ही सहा पास घेतले, १९२ डॉलर, आणि आकडा ऐकून सासूबाईंनी रुपयांत हिशोब करून डोक्याला हात लावला. पण त्या दिवशी आजोबा ‘हाँटेड मॅन्शन’मध्ये बसले, ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’च्या नावेत नातवंडांच्या मध्ये बसले, ‘बझ लाइटइयर’मध्ये नातीबरोबर नेम धरून गुण मोजत बसले. मधल्या वेळी आम्ही बाकावर सावलीत बसून घरून आणलेल्या मेथीच्या पुऱ्या खाल्ल्या. साध्या रांगेत हे शक्य झाले नसते. फार तर त्यांना एक राइड झेपली असती आणि उरलेला दिवस ते पिशव्या सांभाळत बसले असते. वेगळ्या दाराने आत जाताना ते म्हणाले, “पंढरपुरात मुखदर्शनाची रांग निराळी असते, पण तिथे पायांना हात लागत नाही. इथे लवकर सोडून दर्शनही पूर्ण देतात.” त्यांची ही तुलना मला अजूनही आठवते, कारण पंढरपुरात लवकर जाणारा काहीतरी सोडून देतो आणि इथे लवकर जाणारा काहीच सोडत नाही, पैसे सोडून.

त्याच दिवसाची आणखी एक जमेची बाजू म्हणजे छायाचित्रे. मल्टी पासमध्ये त्या दिवशी उद्यानाच्या छायाचित्रकारांनी आणि राइडवरील कॅमेऱ्यांनी टिपलेली छायाचित्रे समाविष्ट असतात. किल्ल्यासमोर नऊवारीत उभ्या असलेल्या सासूबाईंचे छायाचित्र आता साताऱ्याच्या घरी दिवाणखान्यात आहे.

लहान मुलांच्या बाबतीत माझा अनुभव संमिश्र आहे. आमची मुलगी नऊ वर्षांची आहे आणि मुलगा सहा वर्षांचा, उंची ४४ इंच. ‘स्पेस माउंटन’ आणि ‘बिग थंडर’साठी ४० इंच पुरतात, ‘मॅटरहॉर्न’साठी ४२, पण ‘इंडियाना जोन्स’साठी ४६ इंच लागतात. पास चौघांचा घेतला तरी ती राइड मुलासाठी नव्हतीच. तिथे ‘रायडर स्विच’ ही फुकट सोय कामी येते: एक पालक लहान मुलाजवळ थांबतो, दुसरा जाऊन येतो आणि मग पहिल्याला पुन्हा रांग लावावी लागत नाही. एकट्याने बसायला हरकत नसेल तर काही राइडवर एकट्यांची वेगळी रांगही फुकट असते. ‘मॅटरहॉर्न’ला आम्ही आळीपाळीने तिचाच आधार घेतला. पैसे भरण्याआधी या दोन्ही सोयींची माहिती करून घ्यावी, असे मी प्रत्येकाला सांगते.

पास वापरण्याचीही एक रीत हळूहळू आमच्या हाताला बसली. सकाळी दार उघडण्याआधी पोहोचायचे, आत शिरताच पहिली वेळ निवडून टाकायची आणि ती वेळ येईपर्यंत पासच्या बाहेर असलेली ‘पीटर पॅन’ गाठायची, कारण सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात तिची रांग आटोपशीर असते. पुढची निवड करण्याची मुभा मिळते त्या वेळेचा गजर लावून ठेवायचा. दुपारी फिरत्या देखाव्याला किंवा जेवणाला बसताना लांबची वेळ निवडायची. या शिस्तीने आम्ही सर्वांत चांगल्या दिवशी सात राइडना पास वापरला. शिस्त न पाळलेल्या पहिल्या दिवशी तीनच झाल्या होत्या. म्हणजे एकाच किमतीत मिळणारे फळ दुपटीने कमी-जास्त होते आणि ते बऱ्याच अंशी घेणाऱ्याच्या सवयीवर अवलंबून असते. पहिल्यांदाच आणि एकाच दिवसासाठी येणाऱ्या पाहुण्यांनी हे आधी समजून घेतले नाही, तर त्यांचे पैसे पुरते वसूल होत नाहीत.

याची किंमत लक्षाच्या रूपाने द्यावी लागते. कुटुंबातील एक जण दिवसभर फोन पाहत राहतो, आणि आमच्या घरी ती मी होते. फेब्रुवारीतील फेरीत मुलगी मला बदकाची पिल्ले दाखवत होती आणि मी ‘जरा थांब, साडेबाराची वेळ निघून जाईल’ असे म्हणाले. रात्री गाडीत तिने ते वाक्य मला परत सांगितले. त्यानंतर आम्ही फोन सांभाळण्याचे काम जेवणापर्यंत माझ्याकडे आणि जेवणानंतर यजमानांकडे असे वाटून घेतले.

वसंताच्या सुट्टीत आम्ही दुसऱ्या एका उद्यानात गेलो होतो. तिथेही चौघांसाठी जादा पैशांचे पास घेतले. दुपारी दोन मोठ्या राइड बंद झाल्या आणि संध्याकाळपर्यंत उघडल्या नाहीत. त्याबद्दल विचारले तेव्हा आम्हाला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवण्यात आले आणि शेवटी नियमांतील एक ओळ दाखवण्यात आली, की पास म्हणजे राइड चालू राहण्याची हमी नव्हे. ओळ तिथे होतीच. आम्ही ती वाचली नव्हती. म्हणून कोणत्याही उद्यानाचा पास घेताना बंद पडलेल्या राइडच्या बदल्यात काय मिळते, हे पैसे भरण्याआधी वाचावे. डिस्नीलँडच्या पद्धतीत घेतलेल्या वेळी राइड बंद पडली, तर तोच पास ठरावीक इतर राइडवर चालतो. ही तरतूद मला न्याय्य वाटते.

पुण्याहून माझी मावसबहीण विचारत होती की खोपोलीच्या इमॅजिकाचे जादा पैशांचे एक्स्प्रेस तिकीट घ्यावे का. मी तिला उलट विचारले की कोणत्या दिवशी जाणार. शाळा चालू असताना मधल्या वारी जाणाऱ्याला रांगच फारशी नसेल, तर ती टाळण्याचे पैसे कशाला द्यायचे? आमच्या जानेवारीतल्या मंगळवारी ‘बिग थंडर’ वगळता कुठेच अर्ध्या तासाहून अधिक थांबावे लागले नाही, आणि १२८ डॉलर वाचले ते वेगळेच. मे महिन्याची सुट्टी, दिवाळी किंवा नाताळ असेल तर उत्तर बदलते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ‘प्रीमियर पास’चा मात्र मी विचारही केला नाही. वेळ न निवडता, वेगळी रांग असलेल्या प्रत्येक राइडला केव्हाही एकदा जाण्याच्या मुभेसाठी त्याचा सुरुवातीचा दर माणशी ४०० डॉलर होता. जुन्या काळी याच उद्यानात ए ते ई अशा कूपनांच्या वह्या विकल्या जात. १९५९ मध्ये ‘मॅटरहॉर्न’ उघडली तेव्हा सर्वांत मोठ्या राइडसाठी ई कूपन आले, आणि १९८२ पर्यंत ती पद्धत चालली. तिथेही पैसे होतेच, पण ते राइडच्या दर्जाचे होते. ई कूपन हातात घेतलेली दोन माणसे एकाच रांगेत एकामागे एक उभी राहत. मला ती पद्धत आजच्या पद्धतीपेक्षा अधिक बरोबर वाटते.

सासू-सासरे पुन्हा मार्चमध्ये येणार आहेत. त्यांच्याबरोबरच्या दिवसासाठी आम्ही सहा पास घेऊ आणि ते पैसे आत्तापासून वेगळे काढून ठेवले आहेत. मुलांबरोबरच्या आमच्या फेऱ्या मात्र मंगळवारी, पासशिवाय होतील. रांगेत म्हणायच्या भेंड्यांसाठी मुलीने गाण्यांची यादी केली आहे, आणि मुलगा तोपर्यंत ४६ इंच होतो का हे आम्ही दर रविवारी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मोजतो.