शेवटच्या दोन मिनिटांची तयारी: बसवलेल्या चाली की परिस्थितीचे डाव?

जिल्हा स्पर्धा तोंडावर आली आहे, ग्राउंड संध्याकाळी उन्हं उतरल्यावर तासभरच मिळतं, आणि बास्केटबॉलचा संघ तीन क्वार्टर बरा खेळून चौथ्यात गळपटतो. अशा वेळी क्रीडाशिक्षकापुढे दोन मार्ग असतात. शेवटच्या क्षणांसाठी चार-पाच चाली घोटून घ्यायच्या, नाहीतर परिस्थितीचे डाव, म्हणजे सरावातच सामन्याचा शेवट लावून तो पुन्हा पुन्हा खेळायचा. दोन्ही सारख्या प्रमाणात करू म्हटलं तर तासाभरात एकही धड होत नाही. शाळेच्या संघासाठी माझं मत दुसऱ्याकडे आहे, कॉलेजसाठी मात्र तसं नाही.

आधी चालींबद्दल. चाल बसली की टाइमआउटमध्ये बोलायला कमी लागतं. नाव उच्चारलं की पाच जण आपापल्या जागी जातात. घाबरलेल्या पोराला ‘विचार कर’ सांगण्यापेक्षा ‘तिथं जाऊन उभा राहा’ सांगणं केव्हाही सोपं. 1992 साली अमेरिकी कॉलेज स्पर्धेत ड्यूक विद्यापीठाचा संघ केंटकीविरुद्ध एका गुणाने मागे होता आणि 2.1 सेकंद उरले होते. ड्यूकच्या ग्रँट हिलने पूर्ण कोर्टभर पास फेकला, त्याचा साथीदार लेटनरने तो पकडून बास्केट केली, 104-103. त्याच मोसमात तसाच एक पास आधी फसला होता. पण बॉल आत टाकणाऱ्या हिलसमोर केंटकीने कुणालाच उभं केलं नव्हतं, हे सांगायचं राहून जातं. समोर उंच हात असते तर तो पास इतका सहज गेला नसता. चाल अशी समोरच्यावरही अवलंबून असते, आणि प्लॅन बी शिकवायला वेळ उरत नाही.

आपल्याकडची खरी अडचण आणखी साधी आहे: तेच पाच जण रोज येत नाहीत. लातूर-नांदेडला दहावीच्या पुढच्या मुलांचं वेळापत्रक क्लासवाले ठरवतात, प्रशिक्षक नाही. सोमवारी पॉइंट गार्ड (बॉल पुढे नेऊन खेळ रचणारा) फिजिक्सला, बुधवारी सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) बायोलॉजीला. पाच जणांची चाल तिघांवर बसवली, तर चौथा आणि पाचवा सामन्याच्या दिवशी पाहुण्यासारखे उभे राहतात.

परिस्थितीच्या डावाला हा गैरहजेरीचा फटका कमी बसतो. फळ्यावर लिहायचं: आपण 54, ते 56, वेळ 40 सेकंद, आपले टीम फाउल (क्वार्टरमधले संघाचे एकूण फाउल) 3, त्यांचे 5, एक टाइमआउट शिल्लक, बॉल आपला. शिट्टी वाजवायची आणि गप्प बसायचं. मग बाजू बदलून तेच पुन्हा. पोरांना आपोआप कळायला लागतं की शॉटसाठी मिळणारे 24 सेकंद पूर्ण घोळवण्यात तोटा आहे. घड्याळात तीसच्या आसपास सेकंद उरले असताना शॉट गेला, तर समोरच्यांनी त्यांचा पूर्ण वेळ खाल्ला तरी आपल्याला पाच-सहा सेकंदांसाठी बॉल पुन्हा मिळतो. हे फळ्यावर दहादा समजावण्यापेक्षा एकदा हरून लवकर समजतं.

दुसरा फायदा नियमांचा, आणि माझ्या लेखी तोच मोठा. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत खेळ बराच वेगळा होतो. बास्केट झाली की घड्याळ थांबतं. आपल्या अर्ध्यातून बॉल आत टाकायचा असताना टाइमआउट घेतला, तर तो पुढच्या अर्ध्यातून टाकता येतो. उत्तरार्धातल्या तीन टाइमआउटपैकी या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोनच मिळतात, म्हणून तिन्ही राखून ठेवणारा एक वाया घालवतो. बॉल आत टाकणाऱ्याच्या हातातच असताना बचाव करणाऱ्याने फाउल केला, तर समोरच्यांना एक फ्री थ्रो (कुणी न अडवता मारायचा एका गुणाचा शॉट) मिळतो आणि वर बॉलही त्यांचाच. तीन गुणांनी पुढे असताना, समोरच्यांना बरोबरीचा तीन गुणांचा शॉट मिळू नये म्हणून ‘मार फाउल’ असं बेंचवरून ओरडणाऱ्याला टीम फाउलचा आकडा माहीत हवा. क्वार्टरमधले चार भरले नसतील तर फ्री थ्रो नाही, नुसता बॉल बाजूने आत येतो आणि त्यांना नवा शॉट रचायची संधी मिळते. तीनच्या रेषेबाहेर शॉट मारणाऱ्यालाच धक्का लागला तर तीन फ्री थ्रो. बॉल सोडून माणसालाच धरलं, तर अनस्पोर्ट्समनलाइक, म्हणजे खिलाडूवृत्तीला सोडून केलेल्या फाउलची शिट्टी वाजू शकते.

1993 च्या अमेरिकी कॉलेज अंतिम सामन्यात मिशिगन दोन गुणांनी मागे होतं. त्यांच्या क्रिस वेबरने शेवटच्या अकरा सेकंदांत टाइमआउट मागितला आणि संघाकडे एकही उरला नव्हता. टेक्निकल फाउल (धक्का न लागता नियम मोडल्याचा फाउल) लागला आणि सामना गेला. आपल्याकडच्या नियमांत टाइमआउट खेळाडूला मागता येत नाही, तो बेंचवरून गुण-वेळ नोंदवणाऱ्यांच्या टेबलाकडे मागायचा असतो. तेव्हा इथं ती चूक प्रशिक्षकाच्याच पदरात पडते. सरावात एका राखीव खेळाडूला वही देऊन टाइमआउट आणि फाउल मोजायला लावा. कोर्टवरून ‘टाइम किती ऱ्हायला?’ असा आवाज आला की त्याने उत्तर दिलंच पाहिजे, कारण बऱ्याच मैदानांवर घड्याळ टेबलावर असतं आणि आतल्यांना दिसत नाही.

या पद्धतीची उणीवही सांगतो. तिला दोन संघ लागतात. तालुक्याच्या शाळेत आठच मुलं असतील तर अर्ध्या कोर्टावर चार विरुद्ध चार खेळा. दाब थोडा कमी होतो, पण निर्णय तेच राहतात. शिवाय अगदी शेवटच्या दोन-तीन सेकंदांत निर्णयाला वेळच नसतो, तिथं चालच हवी. बाजूने बॉल आत टाकायची एक आणि आपण जिथं गुण करतो त्या बास्केटखालून एक, एवढ्या पुरेत. घड्याळात 0.3 सेकंद असतील तर बॉल पकडून शॉट मारता येतो; 0.2 किंवा त्याहून कमी असतील तर नुसता टॅप (बॉल न पकडता हाताने टोलवणं) किंवा थेट डंक (वरून रिंगमध्ये कोंबणं). हा फरक दुसऱ्या चालीतच दाखवून टाका.

फ्री थ्रोचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच. ताज्या पायांनी सलग पन्नास मारून फारसं काही हाती लागत नाही. डाव संपला, श्वास लागलाय, तेव्हा प्रत्येकाने दोनच मारायचे, बाकीच्यांनी रेषेवर उभं राहून बघायचं.

विद्यापीठ संघाची गोष्ट वेगळी. शिबिरात तेच बारा जण रोज सकाळ-संध्याकाळ एकत्र असतात, समोरचे संघही ओळखीचे असतात. तिथं पाच-सहा चाली, प्रत्येकीला एक पर्याय, आणि डाव आठवड्यातून दोनदा, असं प्रमाण ठेवायला हरकत नाही. शाळेच्या संघाने रोजच्या तासातली शेवटची वीस मिनिटं डावाला द्यावीत, आणि त्या दिवशी जे आले असतील त्यांनाच घेऊन खेळावं.