जुना स्विमिंग पूल: रबर पेंट, इपॉक्सी, टाइल्स की मेंब्रेन?

पूल पंधराएक वर्षांचा झाला की भिंतीचे पोपडे निघायला लागतात आणि कुणालाही विचारा, पहिलं नाव इपॉक्सी रंगाचंच येतं. इपॉक्सी चांगलंच आहे, पण आधी भिंतीवर आत्ता काय आहे ते बघा. फडक्याला झायलीन (रंग विरघळवणारं सॉल्व्हंट) लावून कोपऱ्यात मिनिटभर घासायचं, रंग चिकट होऊन फडक्यावर उतरला तर जुना थर रबरचा नाहीतर अॅक्रेलिकचा आणि त्यावर इपॉक्सी मारलं तर ते खालच्या थरासकट उचकटून येणार. म्हणजे सगळं खरवडून काँक्रीटपर्यंत जायचं, ती मजुरी धरूनच हिशोब करा.

आधीचा थर क्लोरिनेटेड रबरचाच, म्हणजे रबर पेंटचाच असेल आणि बजेट कमी असेल तर परत तोच मारा, नवीन कोट जुन्यात विरघळून घट्ट बसतो. स्वस्त, एकाच डब्यातला, पण तीन-चार वर्षांत परत काम निघतं आणि वास प्रचंड.

इपॉक्सी दोन डब्यांचं, बेस आणि हार्डनर, एकदा मिसळलं की घाई करावी लागते. नीट बसलं तर पाच ते आठ वर्षं बघायला नको, उन्हाने वरून पांढरी भुकटी सुटते तेवढं सोडलं तर. पण याला ओल अजिबात चालत नाही. एक फूटभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवून दिवसभर ठेवा, आतून घाम आला किंवा काँक्रीट काळपट दिसलं तर थांबा, कितीही घाई असली तरी, कारण आत अडकलेली ओलच नंतर फोड आणते. शेवटच्या कोटनंतर पाणी भरायला साधारण सात दिवस थांबायचं, नक्की किती ते डब्यावर बघा.

पूल आपलाच आहे, वर्षानुवर्षं वापरायचाय आणि पैसे आहेत तर मी डोळे झाकून ग्लास मोझेक, म्हणजे काचेच्या छोट्या टाइल्स सांगेन, जॉइंट मात्र इपॉक्सी ग्राउटने भरून घ्या, सिमेंटचे क्लोरीनच्या पाण्यात झिजतात. आधीच टाइल्स असतील तर हातोडीच्या दांड्याने ठोकत जा, जिथे बद्द वाजतं तिथली काढायचीच, वरून रंग देऊन भागत नाही.

बारीक भेगा बऱ्याच असतील तर दीड मिलिमीटरची रीइन्फोर्स्ड पीव्हीसी मेंब्रेन, म्हणजे आत जाळी असलेलं प्लास्टिकचं आवरण. ती पूर्ण चिकटवत नाहीत, पट्ट्या गरम हवेने वेल्ड करतात, त्यामुळे खालची बारीक भेग हलली तरी वर येत नाही. वेल्डिंगला सरावलेलाच माणूस हवा. मोठी, वाढती भेग असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग बाकी सगळं.

काहीही निवडा, काम मार्च-एप्रिलमध्ये काढा. कोकणात, मावळात पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं आणि रिकामा पूल खालून उचलला जाऊन फुटू शकतो, त्यामुळे जूनच्या आत भरलेला असलाच पाहिजे.