चार खोकी आणि तुंबाडचा पहिला खंड

आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. डोंबिवलीत एकाच घरात चौतीस वर्षं काढल्यावर भाड्याच्या वन बीएचकेत जायचं म्हणजे सामानाची कत्तल आलीच. ह्यांनी फर्मान काढलं, पुस्तकांना चार खोकी. पाचवं दिसलं तर सरळ रद्दीवाल्याला हाक मारीन. (ह्यांच्या जुन्या रेडिओंना तीन खोकी मिळाली, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.)

मी टपाल खात्यात एकतीस वर्षं काउंटरला होते, छाटणी हाताला ठाऊक आहे. नियम एकच केला. पुस्तक मधेच कुठेही उघडायचं, उभ्या उभ्या दोन पानं वाचायची. तिसरं उलटावंसं वाटलं तर खोक्यात. नाही वाटलं तर लेखक केवढाही मोठा असो, जिन्याखाली.

पहिला बळी ‘मृत्युंजय’. हे लिहिताना माझ्या धाकट्या जावेचा चेहरा समोर येतोय, तिने त्याची पारायणं केलीत. मीही अकरावीत असताना रात्री चादरीखाली टॉर्च लावून वाचलंय आणि रडलेय. पण परवा उघडलं आणि दुसऱ्या पानालाच धाप लागली. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे सगळे आपापल्या तोंडाने बोलतात, कल्पना झकासच. पण बोलतात सगळे एकाच सुरात, सगळ्यांच्या वाक्यांना तेच जरतारी काठ. सारथ्याच्या घरातली माणसं कधीतरी साधं बोलत असतील की नाही? उपमा संपेपर्यंत मूळ गोष्ट कुठे होती ते विसरायला होतं.

योगायोग बघा, ‘युगान्त’ही ‘मृत्युंजय’च्याच, १९६७ सालचं. इरावती कर्वे डेक्कन कॉलेजात शिकवायच्या, माणसांची मोजमापं घेणाऱ्या विदुषी. त्या महाभारताकडे एखाद्या घराण्याची भानगड निस्तरायला बसलेल्या वडीलधाऱ्या बाईसारख्या बघतात. भीष्माचं वय किती असेल याचा चक्क हिशेब मांडतात, आणि मग विचारतात की एवढ्या म्हाताऱ्याने सेनापतिपद घेतलंच कशाला? आमच्या सोसायटीच्या कमिटीत असे दोन भीष्म आहेत, त्यामुळे मला ते प्रकरण फार जवळचं वाटतं. खांडववन जाळल्याचा हिशेबही त्या कृष्णार्जुनांना सोडत नाहीत. मी जिन्यात उभी राहून चाळीस मिनिटं वाचत होते. खाली टेम्पोवाला कोटेशन द्यायला येऊन परत गेला.

‘कोसला’चं काय करावं हे दोन दिवस ठरेना. आमच्या कॉलेजच्या वयात ते पुस्तक हातात नसेल तर कट्ट्यावर जागा मिळत नसे. १९६३ची कादंबरी, पण आमच्या वेळेसही मुलं वाक्यावाक्याला ‘उदाहरणार्थ’ म्हणायची. तेव्हा मला पांडुरंग सांगवीकर म्हणजे मीच असं वाटायचं. मी मुलगी, कोकणातली, हॉस्टेलचं तोंड न पाहिलेली, तरीसुद्धा. मधल्या काळात माझा मुलगा पुण्याला शिकायला राहिला आणि दर महिन्याला पाच तारखेच्या आत मेसचे पैसे मी मनिऑर्डरच्या शिस्तीने पाठवले. आता पांडुरंगाचे पुण्यातले खर्च वाचताना माझं लक्ष त्याच्या कंटाळ्याकडे जात नाही, बापाच्या खिशाकडे जातं. निम्मं पुस्तक मला आता नुसतं लांबलेलं वाटतं. पण मनी जाते ती पानं निघाली. धाकटी बहीण देवी येऊन जाते आणि हा बडबड्या पोरगा एकदम नागडा होतो, थट्टा करायला शब्दच उरत नाहीत त्याच्याकडे. ती पानं मी खाली बसून वाचली. पुस्तक खोक्यात गेलं. पूर्ण कादंबरीला जागा दिली, खरी जागा तेवढ्या पानांची.

भाषा म्हणाल तर माझं मत ‘स्मृतिचित्रे’ला. शंभर वर्षं व्हायला आली तरी एक वाक्य शिळं नाही. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म घेतला, बायकोला मागे ठेवून. तेवढं दुःख आणि तेवढी नाचक्की दुसऱ्या कोणी लिहिली असती तर पानोपानी पदर डोळ्यांना लागला असता. लक्ष्मीबाई नवऱ्याच्या लहरींवर हसतात, स्वतःच्या सोवळ्यावर हसतात, आणि हसता हसता आपल्या घशात आवंढा ठेवून पुढच्या प्रसंगाकडे निघून जातात. लग्नानंतर अक्षरओळख झालेली बाई ही! आमच्या खात्यात परिपत्रकं लिहिणाऱ्या साहेबांना एकेक प्रत सक्तीने वाटायला हवी होती.

‘माझा प्रवास’ मी आधी एकदाच वाचलं होतं, तेही परीक्षेला लागलं म्हणून. वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फेडायला, दक्षिणेच्या आशेने उत्तरेत निघाले आणि नेमके १८५७च्या बंडात सापडले. झाशीच्या वेढ्यात ते प्रत्यक्ष होते. पुस्तक छापून निघालं १९०७ साली. इतिहास म्हणून त्यात कुठे काय चुकलंय ते जाणकार बघतील. मला आवडली ती भटजींची नजर. शहर लुटलं जाताना आधी सोनंनाणं गेलं, मग भांडीकुंडी, मग कापडचोपड, असं जीव मुठीत धरून पाहिलेलं ते दिवसवार सांगतात. एवढं होऊन गृहस्थ गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी पोचतात आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घालतात! पार्सल फुटू न देता पोचवणं काय असतं ते मला विचारा.

‘बनगरवाडी’ची दीडशेच्या आतबाहेरची पानं. १९५५ची. ती मी तपासलीच नाही, थेट खोक्यात टाकली, कारण उघडली असती तर संध्याकाळचा स्वयंपाक राहिला असता. मेंढरांमागे फिरणारं गाव, पोरगेला मास्तर, लोकांनी हाताने उभी केलेली तालीम, आणि शेवटी दुष्काळात वाडीच रिकामी होते. माडगूळकर कुठेही आवाज चढवत नाहीत.

आता थोडं भराभर. ‘रारंग ढांग’ राहिलं, डोंगरात रस्ता बांधणाऱ्या माणसांबद्दल इतकं चांगलं मी दुसरं वाचलेलं नाही. नारायण धारपांची सात होती, पाच गेली. भुताचं पुस्तक दुसऱ्यांदा घाबरवू शकत नसेल तर भूत कच्चं. उरलेली दोन मी आजही लाइट गेल्यावर वाचत नाही. फास्टर फेणे भाच्याच्या मुलाला दिला. तो म्हणतो, फुरसुंगीला तर आता टॉवर झालेत. निवृत्तीच्या समारंभात यशस्वी कसं व्हावं हे सांगणारं एकच भाषांतरित पुस्तक मला तिघांनी भेट दिलं होतं. निवृत्त होणाऱ्या बाईला! तिन्ही प्रती मिळून ताणकाट्यावर सव्वा किलो भरल्या, रद्दीवाल्याने पंधरा रुपये टेकवले. पुस्तकाला मिळालेली ती सर्वांत प्रामाणिक किंमत.

‘बहिणाबाईंची गाणी’ कधीच माझं पुस्तक नव्हतं, ते सासूबाईंचं. त्या जळगावकडच्या. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी हौसेने मोठ्याने वाचायला गेले, तर चार ओळींतच त्यांनी थांबवलं. ‘पुणेरी करू नको तिला,’ म्हणाल्या, आणि पुस्तक बाजूला सारून जात्यावर बसल्यासारखं एका लयीत तोंडपाठ म्हणून दाखवलं. बहिणाबाई गेल्या १९५१ला आणि गाणी छापून आली पुढच्या वर्षी. त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. सासूबाईंनाही जेमतेम सहीपुरतं यायचं. म्हणूनच मला ही गाणी कागदावर नेहमी अर्धीच वाटतात. समीक्षा म्हणाल तर एवढीच, की मोठ्याने म्हणता येत नसेल तर विकत घेऊ नका.

‘रुचिरा’ खोक्यात बसलीच नाही, कारण ती हातातल्या पिशवीतून आली. पहिल्या रात्री भाड्याच्या घरात शेगडी लागायच्या आधी ती ओट्यावर होती. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली वाटी-चमच्याचं माप दिलं आणि माझ्यासारख्या नोकरी करणाऱ्या बायकांची अब्रू वाचवली. तक्रार आहे, नाही असं नाही. साखरेला हात सढळ, आणि ‘अंदाजाने पाणी’ असं जिथे येतं तिथे नवशिकी बाई बुडते. पण अनारशाच्या पानावर माझ्या तुपाची बोटं आहेत आणि कडबोळ्यांच्या पानाला हळद लागून ते पुढच्याला चिकटलंय. हे पुस्तक मी गेली कित्येक वर्षं वाचलेलं नाही, फक्त वापरलंय.

राहता राहिलं ‘तुंबाडचे खोत’. माझं माहेर खेड तालुक्यातलं, जगबुडीच्या काठचं. पेंडशांनी नदी लिहिली ती माझी नदी आहे. पावसात ती कशी अंगावर येते आणि दुसऱ्या दिवशी गरीब गाय होऊन कशी वाहते, ते मला कोणी सांगायला नको. खोतांची माजोरी, त्यांचे हेवेदावे, पिढ्यामागून पिढ्या उतरत गेलेलं घराणं... लांबण आहे, मान्य. एवढे खोत की वंशावळ काढून शेजारी ठेवावी लागते. पण १९८७ साली निघाल्याबरोबर मी ते हप्त्याने घेतलं, आणि तेरा-चौदाशे पानं तीन वेळा वाचलीत. म्हणजे पहिला खंड तीन वेळा. दुसरा दोनदा. कारण दुसरा खंड अकरा वर्षांपूर्वी कोणीतरी ‘आठवड्यात देतो’ म्हणून घेऊन गेलं.

पहिला खंड चौथ्या खोक्यात सगळ्यांत वर ठेवलाय, शेजारी बरोबर तेवढीच जागा मोकळी सोडून. कोणीतरी म्हणजे कोण, ते इथे लिहीत नाही. भाड्याच्या घराचा नवा पत्ता पिनकोडसकट त्यांना कार्डावर कळवला आहे.