कंबरेपाशी सुटलेली बाइंडिंग आणि हात झटकणारी वॉरंटी: अ‍ॅकॉस्टिक गिटारचा वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीत पुण्यातील एका अधिकृत विक्रेत्याकडून मी साठ हजारांच्या आसपास किमतीची अ‍ॅकॉस्टिक गिटार घेतली. वरची फळी सॉलिड स्प्रूसची, पाठ आणि बाजू महॉगनीच्या, आणि कडेने हस्तिदंती रंगाची प्लास्टिकची बाइंडिंग, म्हणजे फळ्यांच्या कडा झाकणारी अरुंद पट्टी, असे तिचे स्वरूप आहे. तिच्या स्वराबद्दल मला चांगलेच लिहायचे आहे. मंद्र स्वर भरीव आहेत, बोटांनी वाजवताना प्रत्येक तार वेगळी ऐकू येते आणि सहा महिन्यांनंतर फळी मोकळी होऊन आवाज अधिक खुलला आहे. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण तक्रार अद्याप निकाली निघालेली नाही आणि हा दोष अनेक कंपन्यांच्या, अगदी महागड्या गिटारींतही आढळतो.

एप्रिलमध्ये गिटार पुसताना कंबरेच्या, म्हणजे मधल्या अरुंद भागाच्या, आतल्या वळणावर, बाइंडिंग आणि बाजूची फळी यांच्यामध्ये, केसाएवढी रेघ दिसली. सुरुवातीला ती केवळ पॉलिशची रेघ वाटावी इतकी बारीक होती. पावसाळा सुरू होईपर्यंत तिच्यात कागदाची कड सहज सरकू लागली आणि दुसऱ्या बाजूच्या कंबरेवरही तशीच फट पडली. वरच्या आणि खालच्या फुगीर भागांवर मात्र बाइंडिंग आजही घट्ट बसलेली आहे.

फट नेमकी कंबरेवरच का पडते, हे समजून घेतले की पुढचा सगळा वाद समजतो. बाइंडिंगची पट्टी प्लास्टिकची असते. जुन्या पद्धतीत ती सेल्युलॉइडची असे, आता बऱ्याचदा एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकची असते. सेल्युलॉइडमधला कापूर आणि द्रावक वर्षानुवर्षे उडत राहतात आणि पट्टी लांबीला आखडत जाते. वाकवून ताणलेली दोरी जशी सरळ होऊ पाहते, तशी आखडलेली पट्टीही सरळ होऊ पाहते. फुगीर भागावर हा ताण पट्टीला लाकडावर अधिक दाबतो, पण कंबरेचे वळण आतल्या बाजूला असल्यामुळे तेथे तोच ताण तिला लाकडापासून दूर ओढतो. जुन्या गिटारीत हे वीस-तीस वर्षांनी घडले, तर ते वयोमानाचे म्हणून स्वीकारता येते. नव्या गिटारीत काही महिन्यांतच घडले, तर पट्टी कंबरेच्या वळणाला नीट बेतून न वाकवता बळाने बसवली गेली असावी, किंवा तेथे गोंद पुरेसा लागला नसावा, असाच तर्क करावा लागतो.

काही जणांना बाइंडिंग म्हणजे निव्वळ शोभा वाटते, तसे ती नाही. फळीच्या कडेला लाकडाच्या उघड्या शिरा असतात आणि तेथून ओलावा झपाट्याने आत शिरतो. ती कड झाकणे आणि धक्क्यापासून वाचवणे हे बाइंडिंगचे खरे काम. फळी आतल्या लायनिंगला, म्हणजे बाजूंच्या आतून लावलेल्या लाकडी पट्टीला, स्वतंत्रपणे चिकटवलेली असते, त्यामुळे बाइंडिंग सुटली म्हणून गिटार लगेच उकलत नाही, हेही तितकेच खरे आहे. पण माझ्या सांगलीसारख्या गावात, जिथे मे महिन्याच्या दुपारी हवा कोरडी ठणठणीत असते आणि जुलैत कपडे दोन दिवस वाळत नाहीत, तिथे उघडी राहिलेली कड ही काळजीचीच बाब आहे.

फोटो आणि बिल पाठवल्यानंतर कंपनीकडून आलेले उत्तर असे होते की, हा दोष निर्मितीचा नसून तापमान आणि आर्द्रतेतील बदलांमुळे झालेला आहे आणि असे नुकसान वॉरंटीत बसत नाही. हे कलम बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत असते आणि त्यामागचे कारण मला मान्य आहे, कारण लाकडी वाद्याला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि ती न सांभाळल्यास वाद्य बिघडते. माझा आक्षेप असा आहे की, आर्द्रतेमुळे बिघडलेली गिटार तशी खूण दाखवते आणि ती खूण कोणी तपासलीच नाही. गिटार फार कोरडी पडली असती, तर बोटांखालची लाकडी पट्टी, म्हणजे फिंगरबोर्ड, आकसून तिच्यावरच्या धातूच्या आडव्या फ्रेटची टोके कडेबाहेर आली असती आणि हाताला टोचली असती. साउंडहोलजवळ, म्हणजे मधल्या गोल छिद्राजवळ, फळी खचून तारा खाली बसल्या असत्या. फार ओलावली असती, तर तारा जिथे फळीला अडकवलेल्या असतात त्या ब्रिजच्या मागे फळी फुगून अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची फिंगरबोर्डपासूनची उंची, वाढली असती. यापैकी काहीही झालेले नाही. शिवाय गिटार पहिल्या दिवसापासून केसमध्ये ठेवली जाते, आत आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर आहे, उन्हाळ्यात ओलावा देणारा ह्युमिडिफायर असतो, आणि आकडा पन्नासच्या आसपास राहिल्याच्या नोंदी मी कंपनीला पाठवल्या होत्या.

त्यानंतर जे सुरू झाले ते दोषापेक्षा अधिक मनस्ताप देणारे होते. दर वेळी नवा प्रतिनिधी, दर वेळी तेच फोटो पुन्हा मागणे, आणि विक्रेत्याने कंपनीकडे व कंपनीने विक्रेत्याकडे बोट दाखवणे. बऱ्याच पाठपुराव्यानंतर असा प्रस्ताव आला की, ‘सद्भावना म्हणून’ दुरुस्ती मोफत होईल, मात्र गिटार बेंगळुरूच्या सर्व्हिस सेंटरला स्वखर्चाने पाठवावी, वाटेतल्या नुकसानीची जबाबदारी माझी राहील आणि निर्मितीत दोष नव्हता असे मी लिहून द्यावे. शेवटची अट मी साफ नाकारली. उद्या हीच पट्टी पुन्हा सुटली, तर मीच सही केलेला तो कागद माझ्याविरुद्ध उभा राहिला असता.

या सर्व काळात घरापासून दहा-बारा किलोमीटरवर मिरज होते, ही गोष्ट मनाला सारखी लागत होती. मिरजेत दीडशेहून अधिक वर्षे सतारी आणि तंबोरे घडत आले आहेत, २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, आणि तबलीच्या, म्हणजे वाद्याच्या वरच्या फळीच्या, कडेने पट्टी बसवणे हे तिथल्या कारागिरांच्या नित्याच्या कामातले काम आहे. पण वॉरंटीच्या भाषेत हे सगळे ‘अनधिकृत दुरुस्ती करणारे’ ठरतात आणि त्यांनी हात लावला की उरलेली वॉरंटी संपते. सतारमेकर गल्लीतल्या एका वयस्कर कारागिरांना मी गिटार केवळ दाखवायला नेली. त्यांनी कंबरेवरून नख फिरवले आणि म्हणाले, “सर, लाकूड चांगलं आहे. पट्टी आखडलीय आणि खाली सरस-गोंद काही धरलेलाच नाही, बघा, फळी कोरी दिसतेय.” फटीतून टॉर्च धरून पाहिले, तर खरोखरच कंबरेच्या भागात गोंदाचा मागमूस नव्हता. तो फोटो मी कंपनीला पाठवला.

त्याच सुमारास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. म्हणजे गिटार पुण्यात घेतली तरी प्रकरण सांगलीत चालू शकते, हे मी कंपनीला स्पष्ट कळवले. कोरी फळी दाखवणारा फोटो आणि हेल्पलाइनचा तक्रार क्रमांक या दोन गोष्टी एकत्र गेल्यानंतर उत्तराचा सूर बदलला. स्थानिक दुरुस्तीमुळे उरलेली वॉरंटी रद्द होणार नाही, असे त्यांनी ई-मेलने लेखी दिले.

दुरुस्ती मिरजेतच झाली. कारागिरांनी दोन्ही कंबरांवरची पट्टी हलकी ऊब देऊन आणखी थोडी मोकळी केली, खाच साफ केली, नवा गोंद भरून कापडी फीत गुंडाळून ठेवली, आणि आखडल्यामुळे कमी पडलेली लांबी भरायला हीलजवळ, म्हणजे मान जिथे पेटीला जोडलेली असते तिथे, सहज दिसणार नाही अशा जागी, छोटा तुकडा जोडला. बारकाईने पाहिल्यास त्या तुकड्याचा रंग किंचित पांढरा वाटतो आणि पॉलिशवर जोडाची पुसट रेघ आहे. जोड मात्र पक्का आहे आणि त्यानंतरच्या पावसाळी दिवसांतही तो हललेला नाही.

अशी गिटार घेणाऱ्यांनी दुकानातच दोन्ही कंबरांवर तिरपा प्रकाश पाडून पाहावे, नख फिरवावे, आणि वॉरंटीत वाहतुकीचा खर्च कोणाकडे आहे व जवळच्या कारागिराकडून दुरुस्ती करता येते का, हे पैसे देण्यापूर्वी लेखी विचारावे. स्वरासाठी मी या गिटारला पाचपैकी साडेचार गुण देईन, बांधणीला तीन आणि वॉरंटीला एक. दुरुस्तीचा खर्च परत देण्यास कंपनीने अद्याप होकार दिलेला नाही. त्या रकमेसाठीची तक्रार मी जिल्हा आयोगाकडे दाखल करत आहे.