बिल्टीवर कोणाचा नंबर टाकू? दुकानाचे संपर्क एका जागी ठेवल्याचा आठ महिन्यांचा अनुभव

आमचं नागपूरच्या इतवारीत बेअरिंग आणि व्ही-बेल्टचं दुकान आहे. निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक बाहेरगावचं. गोंदिया-भंडाऱ्याच्या राइस मिल, हिंगणघाटकडच्या जिनिंग, उमरेड रोडवरचे गिट्टी क्रशर, आणि पलीकडे बालाघाट, छिंदवाडा, राजनांदगाव. ऑर्डर फोनवर येते, माल ट्रान्सपोर्टने जातो आणि बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, जो नंबर लिहिला असेल त्या माणसाला गोडाऊनवाला फोन करतो. त्यामुळे आमच्या धंद्यात फोन नंबर हा मालाचाच एक भाग आहे. तो चुकला की माल बरोबर असूनही गिऱ्हाइकाच्या हाती पडत नाही.

गेल्या जूनपासून आम्ही दुकानाचे सगळे संपर्क गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये, दुकानाच्या स्वतंत्र अकाउंटवर ठेवतो आणि त्याच्या जोडीला एक साधी शीट वापरतो. एक अख्खा हंगाम त्यावर काढला, म्हणून आता लिहिते आहे.

आधी काय होतं ते सांगते, कारण बहुतेक दुकानांत अजून तेच आहे. नंबर चार ठिकाणी होते: मामंजींच्या डायरीत, मुनीमजींच्या फोनमध्ये, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधल्या लेजरमध्ये (खात्यात) आणि माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर. डायरीत नागपूरच्या ०७१२ कोडचे सहा आकडी नंबरसुद्धा होते, म्हणजे पुढे २ लागायच्या आधीचे. मुनीमजींच्या फोनमध्ये नावं कशी, तर ‘मिल फिटर नवीन’, ‘शेठ गोंदिया २’, ‘बेल्टवाले भाऊ’. त्यांना एकेक माणूस आवाजावरून ओळखता येतो, म्हणून त्यांचं अडत नव्हतं. ते चार दिवस गावी गेले की आमचं मात्र अडायचं.

दोन गोष्टींनी डोळे उघडले. पहिली, गोंदियाच्या एका मिलचे सहा बेल्ट. धानाचा ऐन हंगाम, मिलचा पॉलिशर बंद पडलेला, आम्ही संध्याकाळच्या आत माल बुक केला. बिल्टीवर नंबर गेला तो तिथल्या फिटरचा, आणि तो दोन महिन्यांपूर्वीच मिल सोडून गेला होता. पार्सल चार दिवस गोडाऊनमध्ये पडून राहिलं. शेठ चिडले नाहीत, एवढंच म्हणाले, “बाई, अठरा वर्षांपासून तुमच्याकडून माल घेऊन राहिलो, अन् आमचा नंबर नाही तुमच्याजवळ?” ते वाक्य मला आजही लागतं.

दुसरी गोष्ट याहून वाईट. एका गिऱ्हाइकाच्या बाकीचा हिशोब मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि तो एका अनोळखी मुलाला गेला. बंद झालेला मोबाइल नंबर किमान नव्वद दिवस कुणाला देत नाहीत, त्यानंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो. आमच्या गिऱ्हाइकाने नंबर बदलून वर्ष झालं होतं. मुलगा भला होता, “काकू, हे माझं नाही” म्हणून त्यानं कळवलं. पण एका व्यापाऱ्यावर किती बाकी आहे हे तिसऱ्या माणसाला कळलं, ते माझ्या हातून कळलं, आणि ते परत घेता येत नाही. त्या रात्री ठरवलं की हे काम आता नीट करायचं.

महिन्याच्या भाड्याची सॉफ्टवेअर पाहिली. आमच्या तीन माणसांच्या दुकानाला ती मोठी पडतात, आणि हातातली नोंद खोटी असेल तर महागड्या सॉफ्टवेअरमध्येही ती खोटीच राहणार. गुगलच्या फुकट अकाउंटमध्ये कित्येक हजार संपर्क मावतात, आमच्याकडे सगळं मिळून दोन हजारही नव्हते.

जून मुद्दाम निवडला. जिनिंग बंद, मिलवाले शांत, पावसामुळे क्रशरही थंड. शीट बनवताना पहिलाच धडा मिळाला: नंबराचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या, मगच आकडे भरा. नाहीतर ०७१२ मधला पुढचा शून्य उडतो आणि ९१ लावलेला बारा आकडी मोबाइल नंबर वेगळ्याच रूपात दिसायला लागतो. आमचे पहिले दोन दिवस त्यातच गेले. दुसरं म्हणजे सगळे मोबाइल नंबर अधिक ९१ लावून एकाच पद्धतीने लिहिले. एकच नंबर कुठे शून्य लावून, कुठे मध्ये जागा सोडून लिहिलेला असला की शीटमध्ये तो तीनदा येतो आणि शोधूनही सापडत नाही.

नाव कसं लिहायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं: आधी गाव, मग फर्म, मग काम. म्हणजे ‘गोंदिया’, पुढे मिलचं नाव, पुढे ‘खरेदी’ किंवा ‘हिशोब’ किंवा ‘माल सोडवणे’. फोन वाजला की स्क्रीनवर नावाची सुरुवातच दिसते, म्हणून कामाचं ते पुढे. माणसाचं नाव शेवटी. मामंजींना हे आवडलं नव्हतं. “माणसाला नावानं हाक मारावी, मिलच्या नावानं नाही,” असं त्यांचं म्हणणं. ते खरंच आहे, म्हणून नोटच्या जागी माणसाचं नाव, त्याला काय म्हणतात (भाऊ, शेठ, काकाजी) आणि तो मराठीत बोलतो की हिंदीत, हेही लिहितो. काउंटरवरच्या मुलानं फोन उचलला तरी समोरच्याला परकं वाटत नाही.

या आठ महिन्यांत मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे फिटरची नोंद वेगळी आणि मिलची नोंद वेगळी. पूर्वी फिटरचा नंबर म्हणजेच मिलचा नंबर असं धरून चालायचो. फिटर मिल बदलतो, मिल जागेवरच राहते. आता मिलच्या नोंदीत निदान दोन नंबर असतात, एक मालकाचा किंवा ऑफिसचा आणि एक माल सोडवणाऱ्याचा. फिटरची नोंद त्याच्या स्वतःच्या नावाने, आणि सध्या कुठे आहे ते नोटमध्ये. तो सोडून गेला की त्याची नोंद पुसायची नाही. तो जिथे जाईल तिथेही बेल्ट तुटणारच आहेत, आणि त्याला आपल्या दुकानाचा माल माहीत आहे.

नंबर तपासायचा कसा, हाही प्रश्न होता. सुरुवातीला मी यादी घेऊन बसले आणि एकेकाला फोन लावला, “आपला नंबर हाच आहे ना?” लोक वैतागले. काहींना वाटलं वसुलीचा फोन आहे, ते उचलेनातच. मग हे सोडून दिलं आणि प्रत्येक ऑर्डर घेताना शेवटी एकच वाक्य बोलायला लागलो: बिल्टीवर कोणाचा नंबर टाकू? एवढ्यात सगळं बाहेर येतं. दिवाळीनंतर एका फिटरभाऊंचा फोन आला, जुन्याच मिलच्या नावाने नोंद होती. मी विचारलं, तर म्हणाले, “माझाच टाका ताई, पण पार्सल तुमसरला पाठवजा. मी आता इकडच्या मिलमधी लागलो न.” न विचारता माल जुन्या मिलला गेला असता. त्या एका प्रश्नाने जुन्या मिलची नोंद सुधारली, तुमसरची नवी मिल मिळाली आणि फिटरभाऊंचं ठिकाणही कळलं.

विचारून झालं की नोटमध्ये तारीख टाकायची: ‘तपासले १२ जानेवारी, फोनवर’. ज्या नोंदीला तारीख नाही ती खरी धरायची नाही, असा आमचा नियम आहे. सहा महिन्यांहून जुनी तारीख दिसली तर त्या नंबरवर बाकीचा हिशोब पाठवायचा नाही, आधी बोलून घ्यायचं. तारखेचा हा रकाना अ‍ॅपमध्ये आयता मिळत नाही, हाताने लिहावा लागतो. मला हीच त्यातली सगळ्यात मोठी उणीव वाटते, म्हणून शीट सोबत ठेवावी लागली. शीट तारखेप्रमाणे लावली की शिळ्या नोंदी वर येतात.

आता जीएसटी नंबराबद्दल, कारण व्यापाऱ्याच्या नोंदीत फोनइतकाच तो महत्त्वाचा. पंधरा अक्षरांतली पहिली दोन राज्याची: आपली २७, बालाघाट-छिंदवाड्याची २३, राजनांदगावची २२. पुढची दहा म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं, सांगतं की समोर कोण आहे: पी असेल तर एकट्याचा धंदा, एफ असेल तर भागीदारी, सी असेल तर कंपनी, एच असेल तर एकत्र हिंदू कुटुंब. हे कळल्यापासून मी सहावं अक्षर पाहिल्याशिवाय नोंद करत नाही. कालपर्यंत पी होतं आणि आज गिऱ्हाईक एफवाला नंबर देत असेल, तर ती कागदोपत्री नवी फर्म आहे. टॅलीत जुन्या लेजरचा नंबर बदलायचा नाही, नवं लेजर काढायचं.

आमच्याकडे एका बापलेकांच्या दोन फर्म आहेत, एकच पत्ता, नावात एका शब्दाचा फरक. मुलाने माल घेतला आणि आम्ही बिल वडिलांच्या जीएसटी नंबरवर फाडलं. दोन्ही नंबर खरे, दोन्ही चालू, त्यामुळे जीएसटी पोर्टलने काही अडवलं नाही. नंबराचं शेवटचं अक्षर टायपिंगची चूक पकडतं, पण माणूस चुकीचा निवडला तर ते काय करणार! मालावर भरलेल्या कराचं क्रेडिट वडिलांच्या २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या त्यांच्या क्रेडिटच्या पत्रकात, जाऊन बसलं. क्रेडिट नोट काढा, नवं बिल करा, दोघांच्या सीएंना समजावा, यात आठवडा गेला. आता दोघांच्या नोंदीत पहिल्याच ओळीला लिहिलं आहे: ‘दोन फर्म आहेत, विचारून बिल करा’. नवं गिऱ्हाईक आलं की जीएसटी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये नंबर टाकून नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, ते पाहतो. त्याला लॉगिनही लागत नाही. जुन्या गिऱ्हाइकांचं हे काम एप्रिलमध्ये, नवं वर्ष सुरू होताना करायचं ठरवलं आहे.

एकदा मोठा घोटाळा होता होता वाचला. अ‍ॅप एकसारख्या नोंदी दाखवून ‘एकत्र करू का’ म्हणून सुचवतं. सोय फार चांगली, पण एकेक वाचून वापरायची. आमच्या काउंटरवरच्या मुलानं एका दुपारी सगळ्या सूचनांना हो म्हटलं. भंडाऱ्याच्या दोन सख्ख्या भावांचा लँडलाइन एकच होता, दोघांच्या मिल वेगळ्या, आणि दोघांची मिळून एक नोंद झाली. अशा आणखीही होत्या. कॉम्प्युटरवर ‘अनडू चेंजेस’ आहे, तीस दिवसांपर्यंत मागे जाता येतं. आदल्या दिवशीची यादी परत आणली. मात्र पूर्ण यादीच मागे जाते, मध्ये घातलेल्या नव्या नोंदीही जातात. त्या दिवशीच्या चार नोंदी मी कच्च्या वहीतून पुन्हा भरल्या. पुसलेला संपर्कही तीस दिवस ट्रॅशमध्ये राहतो, त्यानंतर कायमचा जातो. म्हणून महिनाअखेरीला अख्खी यादी एक्सपोर्ट करून पेन ड्राइव्हवर ठेवते.

अकाउंट दुकानाच्या दोन फोनवर आहे, कुणाच्या स्वतःच्या फोनवर नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री करून घेणं, लावलेलं आहे. एका फोनवरून पुसलं की दुसरीकडूनही जातं, हे मुलाला दोनदा दाखवून समजावलं. गिऱ्हाइकांनी हे नंबर आपल्यावर भरवसा ठेवून दिलेले असतात. कुणी कितीही ओळखीचा असो, यादी मागितली तर द्यायची नाही.

आणखी एक फायदा अनपेक्षित मिळाला. व्हॉट्सअ‍ॅपचा ब्रॉडकास्ट ज्यांच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह आहे त्यांनाच पोचतो. नवं रेट लिस्ट पाठवलं आणि कुणाकडे ते पोचलंच नाही असं दिसलं, की समजायचं त्यांच्याकडे आपला जुना नंबर आहे. अशांना मी स्वतः फोन करून नवा नंबर सेव्ह करायला सांगते. आपली वही दुरुस्त करून भागत नाही, त्यांच्या वहीतही आपण बरोबर असायला हवं.

हंगामाचा हिशोब सांगायचा तर नोव्हेंबरपासून आजवर नंबर चुकला म्हणून एकही पार्सल गोडाऊनमध्ये पडून राहिलं नाही. रोज पाच-सात मिनिटं आणि शनिवारी संध्याकाळी अर्धा तास, एवढा वेळ जातो. शनिवारचा अर्धा तास चुकवला की पुढच्या आठवड्यात लगेच जाणवतं. ज्यांच्या दुकानात रोज नवं किरकोळ गिऱ्हाईक येतं, त्यांना एवढ्याची गरज नाही. ज्यांचं गिऱ्हाईक पंधरा-वीस वर्षांचं आणि बाहेरगावचं आहे, त्यांनी मात्र येत्या जूनमध्येच सुरू करावं.

मुनीमजी सुरुवातीला नाराज होते. त्यांच्या डोक्यातलं आम्ही काढून घेतो आहोत असं त्यांना वाटलं असावं. आता तेच फोन ठेवता ठेवता मला ओरडून सांगतात, “बाई, राजनांदगाववाल्यांची तारीख टाकून द्या.” मामंजींची डायरी गल्ल्याच्या कप्प्यातच आहे. तिच्यातली उमरेडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची नोंद अजून तारखेविना आहे, नंबर दुसराच कुणी उचलतो. मामंजी ती काढू देत नाहीत. गुरुवारी वसुलीसाठी गाडी उमरेडला जाते आहे, ते स्वतः सोबत निघाले आहेत, डायरी घेऊन.