महाडीबीटी पोर्टल : घरातलं पहिलंच पोर कॉलेजात गेलं असेल तर

पाचपैकी साडेतीन तारे. महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचं संकेतस्थळ. शिष्यवृत्तीचे पैसे थेट खात्यावर येतात, एजंट लागत नाही, अर्ज कुणाच्या टेबलावर आहे ते घरबसल्या दिसतं, म्हणून साडेतीन. दीड तारा कापला, कारण 'बोनाफाईड' (कॉलेजात शिकत असल्याचा दाखला), 'कॅप राउंड' (सरकारची केंद्रीय प्रवेश फेरी), 'नॉन क्रिमीलेयर' (मागासवर्गातलं घर उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचा दाखला) हे शब्द विद्यार्थ्याच्या घरात आधीच कुणीतरी ऐकलेत असं हे पोर्टल गृहीत धरतं. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर, अशा घरात ते कुणी ऐकलेले नसतात. सोलापुरात अशी घरं थोडी नाहीत.

पहिला घोळ नावाचा. आधारने लॉगिन केलं की नाव आणि जन्मतारीख आधारवरूनच उचलली जाते, पोर्टलवर ती बदलता येत नाही. आपल्याकडे तेलुगू आणि कन्नड आडनावं भरपूर. इंग्रजीत लिहिताना मार्कशीटवर दोन 'एल', आधारवर एक, आणि वडिलांचं नाव उत्पन्नाच्या दाखल्यावर तिसऱ्याच तऱ्हेने. तपासणाऱ्याला ही दोन वेगळी माणसं वाटतात आणि अर्ज 'सेंड बॅक' होतो, म्हणजे दुरुस्तीसाठी परत येतो. बारावीचा निकाल लागायच्या आत आधार दहावीच्या मार्कशीटप्रमाणे दुरुस्त करून घ्या. त्याच फेरीत चालू मोबाईल नंबरही जोडा, कारण ओटीपी त्याच नंबरवर येतो. नेट कॅफेत अर्ज भरत असाल तर ईमेल आणि पासवर्ड स्वतःचाच ठेवा, वहीत लिहून ठेवा. कॅफेवाल्याचा ईमेल टाकला की पासवर्ड विसरल्यावर दरवेळी त्याच्याच दारात जावं लागतं.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो, पगारपत्रक चालत नाही. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत काढून ठेवलेला दाखला जुलैच्या प्रवेशाला उपयोगी पडत नाही; एप्रिल उजाडला की सेतूत नवा अर्ज टाका. त्यासाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. तरीही कुणी स्टॅम्प पेपर आणायला सांगितलं तर का लागतो, ते विचारा.

सगळ्यात जास्त अर्ज परत येतात ते कागद अपलोड करताना. फाइल १५ ते २५६ केबीच्या दरम्यान लागते, आणि मोबाईलवर काढलेला फोटो सहज दोन-तीन एमबीचा असतो. मग फुकटच्या ॲपमधून तो इतका दाबला जातो की तहसीलदारांचा गोल शिक्का निळा डाग दिसतो आणि बारकोडखालचा नंबर वाचता येत नाही. कागद सपाट ठेवून दिवसाच्या उजेडात स्कॅन करा, कडेची फरशी-सतरंजी कापून टाका, ब्लॅक अँड व्हाइट न करता ग्रेस्केल (करड्या छटा) निवडा आणि स्कॅनची स्पष्टता १५० डीपीआय ठेवा. एका पानाची फाइल बहुधा मर्यादेत बसते. अपलोड झाल्यावर तीच फाइल पोर्टलवरून उघडून बारकोडचा नंबर आकड्यागणिक वाचून बघा. तुम्हाला वाचता आला नाही तर क्लार्कलाही वाचता येणार नाही.

बँकेचं प्रकरण त्याहून फसवं. 'खात्याला आधार लिंक आहे' म्हणजे पैसे येतील असं नाही. पैसे एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत आधारशी जोडलेल्या एकाच खात्यावर जातात. या जोडणीलाच सीडिंग म्हणतात, आणि ते नेहमी शेवटी सीडिंग केलेलं खातं असतं. अर्जात टाकलेला खाते क्रमांक इथे कामाचा नाही. शाळेत असताना उघडलेलं अज्ञान बालकाचं खातं तिथे राहिलं असेल, तर मोठी रक्कम मर्यादेमुळे परत जाऊ शकते. माय आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. खातं चुकीचं दिसलं तर योग्य बँकेत जाऊन डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यावर येण्यासाठी) सीडिंगचा फॉर्म भरा, नुसता केवायसी नव्हे.

अनुसूचित जातीच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो. त्यात कॉलेजची फी असते, आणि ती सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. घरी हे कुणी सांगितलेलं नसतं. पैसे आले, उसनवारी फिटली, आणि परीक्षेच्या अर्जाच्या वेळी कॉलेज थकबाकी दाखवतं. अर्ज मंजूर व्हायच्या आधीच आई-वडिलांना हे समजावून सांगा.

मुलींच्या बाबतीत उलटा गैरसमज आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. 'मुलींचं शिक्षण फुकट झालं' एवढंच घराघरात पोहोचलं, आणि कित्येकींना अर्जच नको वाटतो. अर्ज पोर्टलवर भरावाच लागतो आणि प्रवेश कॅप राउंडमधूनच हवा. वसतिगृह, मेसचा खर्च यात येत नाही.

अर्ज भरताना कॉलेजचं नाव बरोबर निवडलं तरी तुकडी चुकते. एकाच कॉलेजात बी.एस्सी. अनुदानितही असते आणि विनाअनुदानितही, फी वेगळी. फीच्या पावतीवर काय लिहिलंय ते बघूनच निवडा.

अर्ज अडकला की पालक थेट केगावला विद्यापीठात जातात, नाहीतर कलेक्टर कचेरीत. आधी पोर्टलवर स्थिती वाचा. बहुतेक अर्ज कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनलाच पडून असतात. तिथून प्राचार्य, मग समाजकल्याण किंवा संबंधित खातं. क्लार्ककडे जाताना अर्ज क्रमांक आणि स्थितीचा स्क्रीनशॉट घेऊन जा. 'सर, सेंड बॅकचं कारण हे दाखवतंय' असं म्हटलं की काम पाच मिनिटांत कळतं; 'स्कॉलरशिप आली नाही' म्हटलं की उद्या या.

विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राची वेगळी शिष्यवृत्ती आहे, पण ती महाडीबीटीवर शोधून सापडणार नाही. तिचा अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरतात, पदवीला वर्षाला ६,००० रुपये, आणि आईचं विडी कामगार ओळखपत्र लागतं. दोन्हीकडचे पैसे घेता येत नाहीत, त्यामुळे आधी रक्कम ताडून बघा.

आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा असतो. नूतनीकरणात बरीच माहिती आधीच भरलेली येते, मागच्या वर्षाची मार्कशीट तेवढी जोडायची. शेवटच्या आठवड्यात साइट रांगेत उभी करते, म्हणून निकाल हातात पडला की त्याच आठवड्यात, सकाळी लवकर बसा.