चार हजारांचा ‘फुल रायडिंग सेट’ आणि त्यात नसलेल्या गोष्टी

हेल्मेट, ग्लोव्हज आणि जॅकेट मिळून साडेतीन-चार हजार, ‘आयएसआय, डॉट, सीई सगळं सर्टिफाइड’, आज ऑर्डर करा, स्टॉक संपतोय. अशी जाहिरात बघून मागवलेला माल येतोही. रंग झकास, जॅकेटवर चमकणाऱ्या पट्ट्या, ग्लोव्हजवर कार्बनसारखं दिसणारं कवच. गिऱ्हाईक खूश असतं, कारण रोजच्या वापरात हा माल दगा देत नाही. धूळ अडते, थंडी वाजत नाही, चौकात पोलीसही अडवत नाहीत. ज्या कामासाठी पैसे दिले ते काम फक्त पडल्यावरच करायचं असतं, आणि तोवर माल परत करायची मुदत कधीच संपलेली असते. म्हणून घेतल्या दिवशीच उघडून बघा. कुठे बघायचं ते नीट सांगतो.

हेल्मेटपासून सुरुवात करू. आतली कापडी गादी बहुतेक हेल्मेटांत टिचबटणांवर किंवा वेल्क्रोवर बसवलेली असते. ती काढली की खाली काळा किंवा पांढरा कडक थर दिसला पाहिजे. हा ईपीएस, म्हणजे घट्ट दाबून बनवलेला थर्माकोल. साधारण २५ ते ४० मिमी जाड, कपाळापासून डोक्याच्या मागच्या भागापर्यंत आणि दोन्ही बाजूंना कानांच्या वरपर्यंत सलग. डोकं आपटतं तेव्हा हा थर चिरडतो आणि धक्क्याची ताकद त्या चिरडण्यात खर्च होते. बाहेरचं कवच मार मोठ्या भागावर पसरवतं आणि टोकदार वस्तू आत घुसू देत नाही, पण मेंदूपर्यंत जाणारा धक्का कमी करण्याचं मुख्य काम थर्माकोलचं आहे.

नकली हेल्मेटमध्ये नेमका इथेच हात मारलेला असतो. कधी टाळूवर तळहाताएवढा थर्माकोलचा तुकडा आणि बाकी सगळा स्पंज. कधी टीव्हीच्या खोक्यात येतो तसला पॅकिंगचा थर्माकोल, ज्याचे दाणे नखानं उकरले की सुटे होतात. स्पंज दाबला की तळाला टेकतो आणि उसळून परत येतो. त्यात धक्का जिरत नाही, हेल्मेट फक्त मऊ लागतं. पॅकिंगचा थर्माकोल इतका विरळ असतो की डोकं कवचाला टेकायच्या आतच तो संपतो. अस्सल ईपीएसवर नख जोरात दाबलं तर बारीक खूण उमटते, दाणा निघत नाही. हनुवटीच्या भागातही ईपीएस असेल तर उत्तमच. स्वस्तातल्या अस्सल हेल्मेटांतही तो पुष्कळदा नसतो, त्यामुळे तेवढ्यावरून माल नकली ठरवू नका.

मग पट्टा. तो कवचाला दोन्ही बाजूंनी रिव्हेटनं पक्का हवा, नुसता अस्तरात शिवलेला चालत नाही. बकल लावून पट्टा दोन्ही हातांनी जोरात ओढा. हलक्या बकलाचे दाते घसरतात किंवा प्लास्टिकची जीभ वाकते. हे दुकानातच करायचं. दुकानदार हात धरत असेल तर तिथून उठायचं.

आता शिक्का. दुचाकीच्या हेल्मेटाचं भारतीय मानक आयएस ४१५१ आहे, आणि १ जून २०२१ पासून बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) परवान्याशिवाय, आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं बेकायदा आहे. खऱ्या चिन्हात तीन गोष्टी एकत्र असतात: वर ‘आयएस ४१५१’, मध्ये आयएसआयची चौकट आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक. नुसती चौकट असेल आणि क्रमांक नसेल तर ते चिन्ह नव्हे, चित्र आहे. चौकटीवर ‘आयएस २९२५’ दिसलं तर ते कारखान्यात आणि बांधकामावर घालायच्या हेल्मेटाचं मानक. वरून विटेचा तुकडा पडला तर ते टोपडं उपयोगी पडतं. रस्त्यावर डोकं आपटलं तर त्याचा भरवसा नाही.

क्रमांक असला म्हणजे झालं, असंही नाही. डुप्लिकेट माल बनवणारे दुसऱ्या कंपनीचा खरा क्रमांक उचलून छापतात. म्हणून मोबाईलवर ‘बीआयएस केअर’ ॲप टाका, ‘व्हेरिफाय लायसन्स डिटेल्स’मध्ये तो क्रमांक घाला आणि जे उघडेल ते वाचा. परवानाधारकाचं नाव हेल्मेटावर छापलेल्या उत्पादकाशी जुळतं का? मानक ४१५१ च आहे का? परवाना चालू आहे का? शेवटचा प्रश्न बहुतेक जण सोडून देतात, आणि तोच महागात पडतो. ग्राहक व्यवहार विभागानं २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, दिल्लीतल्या एका कारवाईत नऊ उत्पादकांकडून अडीच हजारांवर हेल्मेट जप्त झाली. या नऊ जणांचे परवाने संपलेले किंवा रद्द झालेले होते. अशा हेल्मेटावरचा क्रमांक बनावट नसतो, नावही जुळतं, आणि तरीही त्याला अर्थ उरलेला नसतो. दुकानात उभं राहून एवढं बघायला दोन मिनिटं लागतात.

‘डॉट’च्या स्टिकरवर भाळू नका. अमेरिकेच्या या मानकात उत्पादक स्वतःच प्रमाणित करतो, आणि बाजारात त्या स्टिकरची गुंडाळीच विकत मिळते. युरोपच्या ईसीई मानकाचं लेबल पट्ट्याला शिवलेलं असतं: गोलात ‘ई’ आणि देशाचा आकडा, शेजारी मंजुरी क्रमांक. २२.०६ या सध्याच्या आवृत्तीत तो ०६ नं सुरू होतो. मागच्या बाजूला नुसतं ‘ईसीई’ चिकटवलेलं असेल तर सोडून द्या. शिवाय भारतात विकायचं तर यांपैकी कुठलंही असलं तरी आयएसआय लागतंच. ‘इम्पोर्टेड आहे, त्याला आयएसआयची गरज नाही’ हे साफ खोटं.

आणखी एक प्रकार फार वाईट आहे: अपघातात सापडलेली किंवा भंगारातली हेल्मेट घासून, रंगवून, नवी काच आणि नवं अस्तर घालून विकणं. एकदा चिरडलेला ईपीएस परत फुगत नाही, म्हणजे त्या जागी दुसरा मार बसला तर मध्ये काहीच नाही. काचेच्या स्क्रूच्या खाचा घासलेल्या दिसतात, रबराच्या कडेवर रंग लागलेला असतो, रंगाचा वास अजून गेलेला नसतो. उत्पादनाचा महिना-वर्ष असलेलं लेबल फाडलेलं असतं. गादीखाली थर्माकोलवर खड्डा किंवा चीर दिसली की संशयाला जागा उरत नाही. पोलिसांनी कारवाई कडक केली की, पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये झाली तशी, रस्त्याकडेला दोन-तीनशे रुपयांच्या हेल्मेटांचे ढीग लागतात. त्या ढिगात हात घालू नये.

मापाची लबाडी छोटी वाटते, पण घातक आहे. भुवयांच्या वर बोटभर अंतरावरून डोक्याचा घेर मोजा. ५८ सेंमी असेल तर हेल्मेटावर ५८० मिमी असायला हवं. दुकानात ते माप नसलं की ‘मोठं घ्या, हवा खेळते’ असा सल्ला मिळतो. सैल हेल्मेट पडताना डोक्यावरून निघून जातं. पट्टा लावून मागची कड धरा आणि पुढच्या बाजूला ओढा. निघालं तर घेऊ नका. गालाच्या गाद्या नवेपणी घट्टच हव्यात, थोड्या वापरानं त्या बसतात.

ग्लोव्हजकडे वळू. ग्लोव्हज आणि जॅकेट यांना हेल्मेटासारखी आयएसआयची सक्ती नाही, म्हणून इथे मोकळं रान आहे. जाणकार युरोपचं मानक बघतात: ग्लोव्हजसाठी ईएन १३५९४. आतल्या शिवलेल्या लेबलवर मोटरसायकलस्वाराचं चित्र, मानकाचा क्रमांक, १ किंवा २ ही पातळी, आणि बोटांच्या सांध्यांवरचं संरक्षण तपासलं असेल तर ‘केपी’ असतं. ‘सीई’ म्हणजे माल युरोपच्या नियमांत बसतो असं सांगणारं चिन्ह; नुसतं तेवढंच छापलेलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. स्वस्त मालात कडक कवच दिखाव्याला चिकटवलेलं असतं आणि त्याच्याखाली गादी नसते, त्यामुळे मार थेट हाडावर जातो. कवचाची कड बोटानं उचलून बघा. पडताना माणूस आधी हात टेकतो, म्हणून तळवा जास्त महत्त्वाचा. मनगटाजवळच्या तळव्यावर कातड्याचा दुहेरी थर किंवा गुळगुळीत घसरपट्टी हवी. ‘लेदर’ म्हणून रेक्झिन खपवलं जातं. कापलेल्या कडेला जाळीदार कापड दिसलं तर रेक्झिन, तंतू दिसले तर कातडं. मनगटाचा पट्टा लावून दुसऱ्या हातानं बोटांची टोकं धरून ओढा. ग्लोव्ह निघाला तर रस्त्यावरही निघेल. अर्ध्या बोटांचे ग्लोव्हज यासाठी घेऊच नका.

सगळ्यात जास्त पैसे जॅकेटमध्ये जातात आणि सगळ्यात सफाईदार फसवणूकही तिथेच होते. ‘सीई आर्मर’ आणि ‘सीई जॅकेट’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आर्मर म्हणजे खांदा-कोपरातले पॅड; त्यांचं मानक ईएन १६२१-१, पाठीच्या पॅडचं ईएन १६२१-२. अख्ख्या जॅकेटाचं, म्हणजे कापड किती घासटणं सोसतं, शिवण किती टिकते, याचं मानक ईएन १७०९२. त्यात एएए, एए, ए असे उतरते वर्ग आहेत. विक्रेता चांगले पॅड साध्या विंडचीटरात घालतो आणि अख्खं जॅकेट सर्टिफाइड म्हणून विकतो. डांबरावर कापड फाटलं की पॅड जागचा हलतो आणि चांगल्या पॅडचाही उपयोग राहत नाही.

पॅड बाहेर काढून बघितल्याशिवाय जॅकेट घेऊ नका. आतून खिसे असतात, वेल्क्रो उघडली की पॅड निघतो. अस्सल पॅडवर खूण साच्यातच उठवलेली किंवा न पुसणारी छापलेली असते: स्वाराचं चित्र, मानकाचा क्रमांक, पातळी १ किंवा २, आणि जागा दाखवणारं अक्षर, खांद्याला एस, कोपराला ई, पाठीला बी (एफबी किंवा सीबी असंही असतं). कागदी स्टिकर असेल तर शंका घ्या. अंगठ्यानं दाबून परीक्षा करणारे फसतात, कारण चांगला पॅडही हळू दाबल्यावर मऊच लागतो आणि जोरात मार बसला की कडक होतो. पातळीचा फरक मोठा आहे: कोपराच्या पॅडवर ५० जूलचा आघात केला तर पलीकडे पोचणारं सरासरी बल पातळी १ मध्ये ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतं, पातळी २ मध्ये २० पर्यंतच. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हात चालवणाऱ्यांनी पॅडवर ‘टी प्लस’ शोधावं. म्हणजे तो ४० अंशांवरही तपासलेला आहे.

पाठीचा पॅड ही नेहमीची पळवाट. ‘पाच आर्मर’ म्हणून सांगतात. चार खरे असतात आणि पाठीत साधा फोम. दुकानदाराला थेट विचारा, आणि बिलावर लिहून मागा. मापही तिथेच बघा: गाडीवर बसल्यासारखे हात पुढे करा, कोपराचा पॅड कोपरावरच राहिला पाहिजे. मनगटाकडे सरकत असेल तर माप चुकलंय, मग पॅड कितीही भारी असो.

मग कमी पैशात काय घ्यायचं? हातात चार हजार असतील तर तिन्ही एकदम घेऊ नका. आधी चालू परवान्याचं, मापाचं, पूर्ण चेहरा झाकणारं आयएसआय हेल्मेट. ते हजार-पंधराशेच्या आसपास मिळतं. महाग ग्राफिक्स म्हणजे रंगाचे पैसे. नवी गाडी घेत असाल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३८ दाखवून गाडीबरोबरच मानकाचं हेल्मेट मागा, आणि ते मिळालं तरी वरची तपासणी करा. उरलेल्या पैशांत कातड्याच्या तळव्याचे, पूर्ण बोटांचे ग्लोव्हज. जॅकेट थांबू शकतं. तोवर कोपर-गुडघ्याचे खूण असलेले वेगळे गार्ड बांधा. नकली जॅकेटपेक्षा ते कितीतरी चांगले.

ऑनलाइन घेताना अनोळखी पानाला यूपीआयनं आगाऊ पैसे पाठवू नका. ‘बुकिंगचे पाचशे’ गेले की कुरिअरच्या पावतीचा बनावट फोटो येतो आणि नंतर नंबर ब्लॉक. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. पार्सल आलं तर पट्टी कापण्याआधीपासून सलग व्हिडिओ काढा, त्यात पत्त्याचं लेबल आणि हेल्मेटावरचा क्रमांक दिसू द्या. दुकानात ‘बिल घेतलं तर जास्त पडेल’ म्हटलं तरी पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेलचं नाव लिहून.

नकली आयएसआयची तक्रार ‘बीआयएस केअर’मधूनच करता येते, मुंबई, पुणे आणि नागपूरला बीआयएसची शाखा कार्यालयं आहेत. खोटं चिन्ह वापरणाऱ्याला बीआयएसच्या २०१६ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या गुन्ह्याला किमान दोन लाखांचा दंड आहे. पैसे परत मिळवण्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रार चालू असेपर्यंत हेल्मेट, खोकं आणि स्टिकर जसंच्या तसं ठेवा. ती संपली की पट्टा मुळापासून कापा, काच मोडा, आतला थर्माकोल उपटून काढा आणि मगच भंगारात द्या, म्हणजे तेच हेल्मेट रंग मारून पुन्हा कुणाच्या डोक्यावर चढणार नाही.